भावोजींचा रोमन झगा

रोमन साम्राज्य बुडाल्याची बातमी ज्यांना अजून कुणी दिलेली नाही असे पृथ्वीतलावर एकच गृहस्थ आहेत, आणि ते माझ्या मावसबहिणीचे यजमान आहेत. जपानात ओजिमाच्या वसाहतीत आम्ही एकाच इमारतीत राहायचो. आठवडाभर भावोजी एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळत. शनिवार उजाडला की ते उत्तरकाळातले रोमन सेनापती होत. "उत्तरकाळातले" म्हणायला मी विसरलो की त्यांचा चेहरा पडे. "अरे, सिनेमातले ते उघड्या पायांचे रोमन विसर. शेवटी शेवटी खानदानी सेनापती विजार घालत, विजार! लांब बाह्यांचा अंगरखा, वर मोठा झगा, आणि उजव्या खांद्यावर सोन्याची ही एवढी पिन!" सोनं परवडेना म्हणून त्यांनी ती पितळेची घडवली होती. ती गळ्याला टोचू नये म्हणून ते मान डावीकडे कलती ठेवत. सवयीनं सोमवारीही ती कलतीच राही, आणि ऑफिसातले जपानी साहेब तिला नम्रता समजत.

अंगरख्याला खांद्यांवर आणि गुडघ्यांपाशी भरजरी गोल तुकडे लागतात. ते भावोजींनी ताईच्या पैठणीच्या पदरातून कापले, मोरांसकट. ताईनं बरेच दिवस अबोला धरला, आणि सोडला तेव्हा एवढंच म्हणाली, "हे साम्राज्य का बुडलं ते मला आता समजलं."

मग वसाहतीत भूकंपाचा सराव आला. सगळे ट्रॅकसूटमध्ये, भावोजी पूर्ण पोशाखात. रहिवासी मंडळाचे म्हातारे अध्यक्ष हरखून कमरेत वाकले. "वा! भारताचा राष्ट्रीय पोशाख!"

"नाही हो, रोमा, रोमा!" भावोजी मोडक्या जपानीत कळवळले.

"हो हो," अध्यक्ष समजूतदारपणे म्हणाले, "भारतातलं रोमा."

सूचनाफलकावर फोटो लागला. पुढे कित्येक दिवस कचरा टाकायला गेलं की शेजारच्या आजी मला विचारत, "तुमचा झगा कुठंय?"

फोटो माझ्या भाचीच्या शाळेपर्यंत पोचला. घरी येऊन दप्तर टाकत ती जपानीत म्हणाली, "बाबा, यामेते." पुरे करा. त्यानंतर ती रस्त्यात त्यांच्या बरोबरीनं चालेना; ते थांबले की तीही मागे थांबे. इतिहासावर जगाशी भांडणाऱ्या भावोजींनी तिच्याशी वाद घातला नाही. झग्याची घडी घातली, वर डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि कपाट लावून घेतलं. शनिवारी ते टी-शर्ट घालून तिला बागेत नेऊ लागले. ताईला हायसं वाटलं. मला मात्र ते टी-शर्टातले गृहस्थ कुणीतरी परके वाटायचे.

यंदा त्यांची ओसाकाला बदली झाली. निरोप द्यायला अध्यक्ष काठी टेकत खाली आले आणि हिरमुसून म्हणाले, "आज पोशाख नाही?"

भावोजींनी पुढे बॅग ओढत निघालेल्या लेकीकडे पाहिलं. "मुलगी मोठी झाली," ते म्हणाले.

एवढं मात्र म्हाताऱ्याला लगेच समजलं.