शिंपिणीच्या भावासाठी वेंगुर्ल्याला

महायुद्धानंतर ज्यू लेखकांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवण्याचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं, त्याला आठ वर्षं झाली. नवरा म्हणतो, त्यापेक्षा मांजर पाळलं असतंस तर बरं. त्यातली एक कादंबरी काही केल्या हाती लागत नव्हती. जहाजावर नोकरी केलेल्या एका गृहस्थांनी ती परदेशातून आणली होती आणि आता वेंगुर्ल्यात त्यांच्या पत्नी, नाडकर्णी काकू, ती सांभाळतात असं कळलं. २००६च्या दिवाळीनंतर मी ठाण्याहून सकाळची गाडी पकडली.

कणकवलीला उतरू नका, ही पहिली सूचना. मी उतरले आणि एसटीत हाडं खिळखिळी करून घेतली. कुडाळहून वेंगुर्ला बरंच जवळ. स्टँडजवळच्या खानावळीत बांगड्याची थाळी मात्र झकास, सोलकढी मागाल तितकी.

घरी पोचल्यावर काकूंनी आतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं पुस्तक आणलं. वरचं चित्राचं वेष्टनसुद्धा शाबूत! पहिलं पान उघडलं. हळदकुंकवाची बोटं, एकावर एक.

"दसऱ्याक पुस्तकाची पूजा करूची नाय तर काय?" काकू म्हणाल्या.

संग्राहकाच्या लेखी पुस्तक कामातून गेलं होतं. तरी मला ते हवंच होतं. "द्याल का?" म्हटल्यावर त्यांनीच उलट विचारलं, "माका इंग्लिश येणा नाय. ह्ये वाचून रोज सांजेक थोडी थोडी गोष्ट सांगीत. शेवट रवलो आणि ह्ये गेले. त्या शिंपिणीचो छावणीत हरवलेलो भाऊस गावलो काय गो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ वर्षं जे शोधत होते, ते मी साध्या आवृत्तीतही वाचलंच नव्हतं.

काकूंनी पुस्तक वाचायला दिलं. मी लॉजवरचा मुक्काम एक दिवस वाढवला आणि बंदरावर बसून ते संपवलं. भाऊ सापडत नाही. शेवटच्या पानावर शिंपीण त्याच्यासाठी नवा कोट बेतायला घेते, इतकंच. काकूंना खोटं सांगावं असं फार वाटलं, पण धीर झाला नाही. खरं तेच सांगितलं.

काकूंनी एवढंच विचारलं, "मेलो म्हणान खंय लिवलेला नाय मा?"

"नाही."

"मगे येतलो," त्या म्हणाल्या आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "घेवन जा."

घरी येऊन कपाट उघडलं. प्लॅस्टिकमध्ये जपलेली तेवीस पुस्तकं, वाचलेली चार. लाज वाटली. गेल्या आठवड्यात आणखी एक वाचून संपवलं आणि काकूंना फोन लावला.

"थांब गो," त्या म्हणाल्या, "गॅस बंद करून येतंय. मगे सुरवातीपास्ना सांग."