टेबलापासून वीतभर

मशीनच्या तेलाचा वास आला की मला नाशिकच्या आमच्या कचेरीतले ते दार आठवते. व्हरांड्यात त्याच्या शेजारीच माझे अर्जलेखनाचे टेबल गेली अठरा वर्षे होते. नवीन दार बसले, ते बाहेर उघडे आणि थेट टेबलावर आदळे. तिसऱ्यांदा एका प्रतिज्ञापत्रावर चहा सांडला, तेव्हा साहेबांनी फर्मावले, "उद्यापासून टेबल रस्त्यापलीकडे." तिथे उन्हात माझ्याकडे कोण येणार? मी तत्काळ कागद ओढून 'सविनय विनंती'पासून दोन पाने लिहून काढली. समोर चांदवडहून दाखल्यासाठी आलेला, दारे बसवणारा एक मिस्त्री बसला होता. तो दाराच्या माथ्याकडे पाहत म्हणाला, "काका, लय लिहिता बुवा! वरच्या दांडीतला ठोकळा सरकवायचा हाय नुसता." मी त्यास बजावले, "शासकीय दाराला हात लावण्यास लेखी परवानगी लागते." "मग ती येईस्तोवर बसा उन्हात," असे म्हणत तो माझ्याच स्टुलावर चढला. त्याने पिशवीतून पेचकस काढून दांडीच्या खाचेतला स्क्रू सैल केला, दार अडवणारा ठोकळा बोटभर सरकवला, तेलाचा थेंब सोडला आणि स्क्रू आवळला. तेवढ्यात साहेबांनी आतून दार ढकलले. मी दोन्ही हातांनी चहाचा पेला धरला. दार टेबलापासून वीतभर अलीकडेच थांबले. ते पुन्हा एकदा ढकलून पाहत साहेब म्हणाले, "राहू द्या टेबल." तो अर्ज आजही माझ्या खणात आहे. मजकूर उत्कृष्ट आहे. मात्र तो कोणी वाचला नाही, याचे मला यत्किंचितही दुःख नाही.