पाणी कितव्या पायरीला

आमच्या गावात पावसाळ्यात कुणी कुणाला "जेवलास का" असं विचारत नाही, "पाणी कितव्या पायरीला?" असं विचारतात. गाव कृष्णेच्या काठाला, नरसोबाच्या वाडीपासून जवळच. घाटाच्या पायऱ्यांवरून नदी वाचायची ही आमच्याकडची रीत, आणि त्यात माझ्या वडिलांचा, आप्पांचा, हात धरणारं गावात कुणी नव्हतं. संध्याकाळी ते घाटावर जायचे, पाणी टेकलेल्या पायरीच्या फटीत कडुलिंबाची काडी रोवायचे आणि घरी येऊन निवांत जेवायचे. सकाळी काडी कितपत बुडाली ते बघून सांगायचे, "जनावरं हलवा," नाहीतर "झोपा गुमान, उतरतंय." त्यांच्या एका शब्दावर निम्मं गाव म्हशी सोडायचं. लहानपणी एकदा मी हौसेनं काडी लावली तर त्यांनी चार लोकांत मला झापलं होतं. "धारंला काडी लावत्यात व्हय गं? हालत्या पाण्यात काय दिसणार? आडोशाला लावायची, कोपऱ्यात." त्यानंतर मी काडीला हात लावला नाही.

आई गेली तेव्हा मी कोल्हापुरात होते. शाळेतली नोकरी, दोन लहान मुलं आणि नवरा सदा फिरतीवर. आप्पा गावात एकटे, सोबतीला एक म्हैस, आणि घराचं मागचं दार उघडलं की नदी. आई गेल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात पाणी परसात शिरलं. आप्पा अंगात ताप घेऊन म्हशीसकट गावच्या शाळेत जाऊन राहिले. मला कळलं ते पाणी उतरल्यावर, बाजारात भेटलेल्या एका गाववाल्याकडून. तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटली की एसटी धरायची, भाकरी बडवायच्या, धुणं काढायचं, आप्पांशी भांडायचं आणि रविवारी संध्याकाळी उभ्यानं परत यायचं. सोमवारी वर्गात फळ्याकडं तोंड करून मी उभ्या उभ्या डुलक्या काढायची. खरं सांगायचं तर मला आप्पांची काळजी होती, पण त्याहून जास्त मला झोप हवी होती. पुढचा पावसाळा लागायच्या आत त्यांना कोल्हापुरात आणायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

"मी आलो तर हितं पाणी कोण बघणार?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

"आप्पा, तुम्ही जन्मायच्या आधी गाव बुडत होतं काय?"

"बुडत हुतं की," ते शांतपणे म्हणायचे. माणूस भांडला तर भांडता येतं, पण असं गार बोलणाऱ्यापुढं आपलंच डोकं फुटतं.

एका रविवारी मी पिशवी उचलून निघाले तेव्हा ते म्हशीच्या पाठीवर पाणी मारत होते. मागं न बघताच म्हणाले, "मला एकदा समुद्र दाखीव. मग बघू." आमच्याकडं 'मग बघू' म्हणजे नाहीच असतं. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तशी मी ते 'हो' धरून चालले.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. मे महिन्यात मुलं सासूबाईंकडं ठेवली, म्हैस भावकीत सोपवली आणि फोंडा घाटातून एसटीनं आम्ही मालवणच्या बाजूला उतरलो. समुद्र दिसल्यावर आप्पांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि परक्या घराच्या दारातच थांबावं तसे वाळूच्या कडेला थांबले. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यो आपला न्हवं. आपली कृष्णा उगवतीला जात्या." त्यांनी वाकून नमस्कार मात्र केला.

आम्ही जिथं उतरलो होतो त्या खानावळवाल्यानं बेटाचं सांगितलं. होडीनं जायचं. पलीकडच्या अंगाला कातळात खोदलेल्या जुन्या पायऱ्या आहेत, थेट पाण्यात उतरतात. कुणी म्हणतं पांडवांनी एका रात्रीत खोदल्या, कुणी म्हणतं जुन्या काळच्या व्यापाऱ्यांनी. 'पायऱ्या' म्हटल्यावर आप्पांचं जेवणातलं लक्ष उडालं. मला दिवसभर खोलीत पडून राहायचं होतं, पण मला आप्पांचा होकारही हवा होता.

सकाळी उजाडताच होडीवाल्यानं आम्हाला बेटाच्या अलीकडच्या वाळूच्या पुळणीवर उतरवलं. जाता जाता म्हणाला, "आज पुनव आसा. दुपारी उधाण येतला. खालच्या पायरेर बसू नकात."

"पाऊस न्हाय, पाणी न्हाय," आप्पा मला म्हणाले, "वाढंल कुठनं?" ते होडीवाल्यालाही ऐकू गेलं. तो हसला आणि पुळणीवर होडी ओढून बिडी पेटवत बसला.

बेट दिसायला एवढंसं, पण त्याच्या काठानं चालणं म्हणजे काय ते माझ्या पायांना विचारा. वाट अशी नाहीच. काळा कातळ, त्याला धार, आणि खालच्या अंगाला दगडाला चिकटलेले कालवांचे शिंपले, हात टेकला तर तळवा फाटलाच. त्यातून वर चढावं तर करवंदीच्या जाळ्या आणि पायाखाली वाळलेलं निसरडं गवत. ऊन सकाळचं असूनही डोक्यात जात होतं. खाली समुद्र सारखा आपटत होता, मला त्या आवाजाचाच शीण यायला लागला. आप्पा पुढं. सत्तरीचा माणूस, धोतराचा सोगा खोचून बांधावरून चालावं तसा चाललेला. मी दर थोड्या वेळानं बसत होते.

"दमलीस व्हय? मास्तरीण झालीस न्हवं," ते मागं वळून म्हणाले.

"मास्तरीण म्हणून नाही, तुमची लेक म्हणून दमले," मी म्हणाले. ते ऐकून आप्पा पाणी पाजायला परत आले.

पायऱ्या आल्या तेव्हा मला वाटलं होतं त्याहून त्या ओबडधोबड निघाल्या. कड्याच्या पोटातून खोदत खाली नेलेल्या, कुठं वीतभर उंच, कुठं गुडघ्याएवढ्या, मध्ये झिजून खोलगट झालेल्या. बाजूच्या भिंतीत हात धरायला खोबण्या होत्या. आप्पांनी एका पायरीवर तळवा फिरवला. "आपल्या घाटाच्या पायऱ्या बसीवल्याल्या. ह्या आतनंच काढल्यात बघ," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मी आई गेल्यापासून इतका मोकळा पाहिला नव्हता. खाली एका जागी पायऱ्या तुटल्या होत्या, कातळात खाच पडली होती. खाचेत घोट्याएवढं पाणी होतं. ती ओलांडून आम्ही पलीकडच्या खडकावर गेलो, तिथं आणखी काही पायऱ्या, आणि मग समुद्र. त्या शेवटच्या पायऱ्या शेवाळानं हिरव्यागार होत्या.

"आप्पा, इथवर पाणी येत असणार."

"पावसाळ्यात येत असंल. आता उन्हाळा हाय." असं म्हणून त्यांनी करवंदीची एक काटकी मोडून आणली, आडोशाची फट बघितली आणि पाणी टेकलं होतं तिथं काडी रोवली. अगदी घाटावरच्यासारखी. मग आम्ही खडकाच्या सावलीला भाकरी आणि ठेचा खाल्ला. "काडी लावलीया. पड जरा," ते म्हणाले. आमच्या घरात त्या वाक्यावर जन्मभर सगळे झोपले होते. मीही झोपले. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

जाग आली ती पाय भिजल्यामुळं. आप्पा माझ्याआधी उठून उभे होते आणि काडी लावलेल्या जागेकडं बघत होते. तिथं पायरीच नव्हती. मागं वळून पाहिलं तर खाच कमरेएवढी भरली होती, लाट आली की छातीएवढी. आप्पांनी माझा दंड धरला आणि पाण्यात शिरले. भर पुरात कृष्णा पोहून गेलेला माणूस तो, पण नदी एकाच दिशेला ओढते. हे पाणी आत ढकलायचं आणि लगेच बाहेर खेचायचं. दुसऱ्या पावलालाच ते पडले. त्यांचं डोकं पाण्याखाली गेलेलं मी पाहिलं आणि मी किंचाळले. आम्ही परतलो नाही म्हणून होडीवाला शोधत वरच्या पायऱ्यांवर आला होता. त्यानं पुढं केलेलं वल्हं मी धरलं, आप्पांना मी धरलं, आणि कसेबसे पलीकडं निघालो. त्यांचे गुडघे सोलले होते, नाकातोंडात खारं पाणी गेलं होतं. होडीवाल्यानं नुसता स्वतःचा पंचा त्यांच्या अंगावर टाकला.

त्याच वाटेनं, त्याच जाळ्यांतून परत जायचं होतं. आता पुढं मी आणि मागं आप्पा. होडीत बसल्यावर त्यांनी एक हात पाण्यात सोडला आणि तो किनारा येईपर्यंत काढला नाही. उतरताना म्हणाले, "म्हस इकतो. येतो तुझ्याकडं."

मला हेच हवं होतं. पण आनंद म्हणावा असं काही झालं नाही. एसटीत बसले आणि घाट कधी चढलो ते मला कळलंही नाही, इतकी मी मेल्यासारखी झोपले.

आप्पा कोल्हापुरात आले. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायला लागले. त्यांचा कसला त्रास नव्हता. वाढलेलं जेवायचे, मुलांना शाळेत सोडायचे. माझे शनिवार-रविवार मोकळे झाले. जुलैत पाऊस लागून राहिला तेव्हा गावाहून फोन आला. भावकीतला एकजण ओरडून विचारत होता, "आप्पा, पाणी घाटाच्या देवळाला लागलंय. जनावरं हलवायची काय?" मी रिसीव्हर त्यांच्याकडं दिला. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मला काय ठावं? रेडिओ ऐका." मग फोन ठेवला आणि खुर्चीवर जाऊन बसले. समुद्रानं फक्त काडी नेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पूर आला की सगळं कोल्हापूर पंचगंगेवर पाणी बघायला लोटतं, भाजलेली कणसं खात. मी आप्पांना मुद्दाम घेऊन गेले. छत्र्यांच्या गर्दीतून वाट काढत आम्ही पाण्यापर्यंत गेलो. शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसानं त्यांच्या धोतर-पटक्याकडं बघून विचारलं, "पावणं, वाढंल काय हो आजून?"

आप्पा वाकले. सवयीनं त्यांनी पडलेली एक काडी उचलली, पाण्याकडं पाहिलं, आणि तसेच वाकलेले राहिले. मला वाटलं, आता लावतील. मग ते सरळ झाले आणि काडी माझ्या हातात दिली.

"तू लाव," ते म्हणाले.

मी लावली. मुद्दामच लावली, जिथं पाण्याला सगळ्यात जास्त ओढ होती तिथं, भर धारेला. चार लोकांत मला झापावं म्हणून. काडी थरथरली, वाकडी झाली. आप्पांनी ती पाहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बरी लावलीस. चल, भिजशील."