वहीप्रमाणे मी आधीच निघालो होतो

पौष वद्य प्रतिपदेच्या सकाळी मी अमरावतीचे घर सोडले. त्या पंधरवड्यात ते मी तीनदा सोडले. पहिल्या वेळी आईने ओवाळले, हातावर दही ठेवले आणि पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या वेळी दही ठेवले. तिसऱ्या वेळी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

अमरावतीत जे राहिले त्यांनी या निघण्याची हकीकत माझ्या वडिलांकडून ऐकली आहे. वऱ्हाड सोडून जे मुंबईला आले त्यांनी ती ऐकलेली नाही, कारण मी कोणाला सांगितली नाही. दोघांसाठी ती येथे घडल्या क्रमाने लिहितो.

मुंबईच्या एका छापखान्यात प्रूफ तपासणाऱ्याची जागा होती. तेथून एक वर्तमानपत्र निघे. मालकांचे पत्र आले, त्यात दोनच ओळी होत्या. पौष अमावास्येच्या आत हजर व्हावे. न झाल्यास जागा दुसऱ्यास दिली जाईल. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, अमरावतीच्या परकोटाच्या आत जोशीपण करत. मी त्यांच्याकडे संस्कृत शिकलो होतो आणि सरकारी शाळेत थोडे इंग्रजी. पंचांग मला सांगता येत होते, पण ते सांगून जगावे असे मला वाटत नव्हते. नानांनाही ते ठाऊक होते. त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि पंचांग काढले.

अमेरिकेत लढाई चालू होती आणि मुंबईचे व्यापारी कापसासाठी वऱ्हाडात उतरले होते. रूळ अकोल्यापर्यंत आले होते. अमरावती ते अकोला तीस कोसांचा रस्ता बैलगाडीनेच करावा लागे. खोलापुरी दरवाजाबाहेर एका वाहतूक कंपनीचे आवार होते. कंपनी उतारूंसाठी दमण्या, म्हणजे छपराच्या हलक्या बैलगाड्या, सोडत असे आणि वाटेत बैल बदलून दोन दिवसांत अकोला स्टेशन गाठून देण्याची हमी पाटीवर लिहिलेली होती. मी तिकीट घेतले. त्यावर माझे नाव, नंबर आणि शिक्का होता. घरात ते तिकीट दोन दिवस देवापुढे होते.

प्रतिपदेला सकाळी आवारात गेलो तेव्हा दमणी नव्हती. तिची बैलजोडी कापसाच्या खटाऱ्याला लावली होती. कंपनीचे कारकून दामोदरपंत मुंबईकडचे होते. ते नम्रपणे बोलत.

"परवा या," ते म्हणाले. "परवा नक्की."

घरी परतलो. मुहूर्तावर बाहेर पडलेला माणूस तासाभरात परत उंबऱ्यावर उभा, हे आईला आवडले नाही.

"काहून आला रे वापस?"

"गाडी नाही."

"तिकीट हाय ना तुह्याजवळ?"

"आहे."

"मंग?"

तिने मला अंगणात बसवले, पायावर पाणी घातले आणि मग आत घेतले. तृतीयेला नानांनी दुसरा मुहूर्त काढला. त्या दिवशी दमणी होती, पण तिच्यात रुईच्या गाठी भरलेल्या होत्या. दामोदरपंतांनी तिकिटाच्या मागे "पुढील गाडीस चालेल" असे लिहून दिले. पुढील गाडी कधी, ते लिहिले नाही.

त्यानंतर अमावास्येपर्यंत प्रवासाला चांगला असा एकच मुहूर्त उरला होता, पंचमीचा. त्या दिवशी तरी गाडी मिळेल याची खात्री नव्हती. तेव्हा नानांनी प्रस्थान ठेवायचे ठरवले. ही रीत आता मागे पडत चालली आहे म्हणून सांगतो. ठरल्या वेळी माणसाला निघणे शक्य नसेल, तर त्याची एखादी वस्तू त्या वेळी घराबाहेर, जायच्या दिशेला नेऊन ठेवतात. ती ठेवली की माणूस निघाला असे धरतात. नंतर जाताना ती उचलून पुढे जायचे. मध्ये घरी परतायचे नाही. नानांच्या मते प्रस्थान पाच दिवस टिकत असे. सहाव्या दिवशी सगळे व्यर्थ.

बहुतेक लोक प्रस्थान शेजाऱ्याकडे किंवा देवळात ठेवतात. नानांनी विचार केला की मुलाला जायचे आहे कंपनीच्या गाडीने, आवार आहे गावाच्या पश्चिमेला आणि मुंबईही पश्चिमेलाच. त्यांनी धुतलेल्या पंच्यात जानवे, तांदूळ आणि सुपारी बांधली, पंचमीच्या सकाळी स्वतः आवारात आले आणि ते गाठोडे दामोदरपंतांच्या मेजाशेजारी ठेवले.

"हे याचं," ते म्हणाले. "याच्याबरोबर जाईल. सांभाळा."

मला म्हणाले, "आता तू निघालास. घराकडे वळायचं नाही." आणि मागे न बघता गेले. ते मला पुन्हा दिसले ते सहा वर्षांनी.

मी आवारात राहिलो. एका बाजूला गवताची गंज होती, तिच्या कडेला माझी वळकटी. दिवसभर खटारे येत आणि जात. आमच्या घरासमोरच्या पिंपळाचा शेंडा तटावरून दिसे. चालत गेलो असतो तर पाव तास लागला असता.

सप्तमीला दुपारी आई आली. भाकरी, पिठले आणि तिळाची चटणी आणली होती. ती माझ्यापासून चार हात लांब बसली.

"घरी नको येऊ, मनून मीच आली."

"नानांना माहीत आहे?"

"त्यायले कशाले सांगू? पोथी घेऊन बसतीन." मग म्हणाली, "मले आता रडूबी येत नाही बाप्पा. तीनदा झालं. कितीदा रडावं मानसानं?"

मी जेवलो. तिने ताट नेले. ते शेवटचे बोलणे ठरणार नव्हते, तरी पुढची सहा वर्षे ते शेवटचेच होते.

अष्टमीला सकाळी उतारूंची दमणी खरोखर लागली. मी तिकीट पुढे केले. दामोदरपंतांनी वही उघडली, बोट फिरवले आणि मान हलवली.

"तुम्ही परवाच गेलात."

"मी येथे उभा आहे."

"ते दिसते आहे मला. पण तुमचे सामान षष्ठीला रवाना झाले. उतारूबरोबरचे सामान उतारूशिवाय जात नाही, असा कंपनीचा नियम आहे. त्यामुळे तुम्हीही गेलात."

चौकशीत पुढील गोष्ट निघाली. नानांनी गाठोडे ठेवताना "याच्याबरोबर जाईल" म्हटले, ते दामोदरपंतांनी ऐकले. मेजाशेजारची वस्तू बिनचिठ्ठीची ठेवायची नाही म्हणून त्यांनी तिला माझ्या तिकिटाचा नंबर बांधला. षष्ठीला एक कापसाचा खटारा निघाला, त्यावर जागा होती, गाठोडे गेले. तिकीट वापरले अशी नोंद झाली. यात कोणी खोटे बोलले नव्हते. शास्त्राप्रमाणे मी निघालेलो होतो आणि कंपनीच्या वहीप्रमाणेही निघालेलो होतो.

आवाराचे मुकादम करीमभाई शेजारी बैलांना पेंड घालत होते. ते म्हणाले, "पंतजी, वहीतला मानूस गेला ना? मंग याले बी जाऊ द्या त्याच्या मांगं. अकोल्यात भेटतीन दोघं."

गाडीतले उतारू हसले. दामोदरपंत हसले नाहीत. त्यांनी मला अर्ज लिहायला सांगितला. अर्ज अकोल्याला जाईल, गाठोडे तेथे कोणी नेले नाही असा दाखला येईल आणि मग नवे तिकीट मिळेल. किती दिवस? चार, फार तर पाच. मी अर्ज लिहिला. अक्षर चांगले आहे असे ते म्हणाले. दमणी माझ्या जागेवर दुसरा माणूस बसवून गेली.

दशमीला प्रस्थानाचा पाचवा दिवस भरत होता. दाखला आला नव्हता. घरी जाऊन नानांना सांगणे हा एक मार्ग होता. म्हणजे तुम्ही ठेवलेले प्रस्थान मला सोडून पुढे गेले, असे त्यांना सांगणे. मी ते केले नाही. भाड्याची गाडी मिळणे अशक्य होते. त्या हंगामात गावातला प्रत्येक बैल कापसाला जुंपलेला होता. दुपारी करीमभाईंनी मला हाक मारली आणि अकोल्याकडे निघालेल्या खटाऱ्यावर, गाठींच्या वर चढवले.

"पंताले इचारू नोका," ते म्हणाले. "त्यायच्या वहीत तुमी अकोल्यातच हाय."

निघताना मी तटाकडे पाहिले की नाही, हे मला आठवत नाही. गाठी गच्च दाबलेल्या असतात आणि त्यांवर झोप लागत नाही, एवढे आठवते.

द्वादशीला संध्याकाळी अकोला आले. तेरसेच्या सकाळी मुंबईची गाडी होती. ती मिळाली असती तर मी चतुर्दशीला, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, पोहोचलो असतो. स्टेशनच्या बाहेर वाहतूक कंपनीची खिडकी होती, तेरसेला उजाडताच मी तेथे गेलो. गाठोडे तेथे होते. मला ते आत फळीवर दिसत होते. नानांचा पंचा मी ओळखला.

खिडकीतल्या माणसाने पावती मागितली. पावती माझ्याकडे नव्हती, कारण गाठोडे कोणी पाठवलेलेच नव्हते. त्याने आत काय आहे ते विचारले. मी सांगितले. त्याने मोठ्या वहीत ते लिहून घेतले, मग साहेबांची सही लागेल म्हणाला. साहेब रुळाच्या कामावर गेले होते. माझ्या मागे तिघे होते. एकाची पेटी हरवली होती, एकाला दुसऱ्याचीच पेटी मिळाली होती. गाडी लागल्याची घंटा झाली.

"जा ना मग," खिडकीतला म्हणाला. "तांदळासाठी गाडी सोडता काय?"

रेल्वेचे तिकीट माझ्या हातात होते. फलाट वीस पावलांवर होता. मी खिडकीशी उभा राहिलो. घंटा दुसऱ्यांदा झाली. त्यानंतर शिट्टी. गाडी गेली.

हे मी का केले, याचे उत्तर मी तेव्हापासून पुष्कळ वेळा लिहून पाहिले. प्रस्थान न उचलता पुढे जाऊ नये असे मी मानत होतो का? मानत नव्हतो. नानांना वाईट वाटेल म्हणून? त्यांना ते कधी कळले नसते. आठ दिवस मी ज्याच्यापायी घराबाहेर थांबलो होतो ते समोर होते आणि थांबायची सवय झाली होती, एवढेच खात्रीने सांगता येते. दुपारी साहेब आले. त्यांनी न वाचता सही केली आणि गाठोडे मला मिळाले.

मुंबईत मी अमावास्येला उतरलो. त्या दिवशी नानांनी मला वेशीबाहेरही जाऊ दिले नसते. छापखान्यात मालक भेटले. ते सज्जन होते.

"काल संध्याकाळपर्यंत वाट पाहिली," ते म्हणाले. "रात्री एकास शब्द दिला."

मग त्यांनी विचारले, टाइप सोडणार का? छपाई झाल्यावर फर्म्यातले खिळे धुऊन ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, ते काम. त्याला वाचता आले तरी पुरते. मी हो म्हटले. त्याच दिवशी कंपोझिटरच्या मेजावर बसून घरी पत्र लिहिले. सुखरूप पोहोचलो. छापखान्यात काम सुरू केले. दोन्ही वाक्ये खरी होती.

महिनाभराने नानांचे उत्तर आले. प्रस्थानाचे महत्त्व आता नास्तिकांनाही पटेल, गल्लीत सर्वांना पत्र वाचून दाखवले, असे त्यात होते. मी ते दोनदा वाचले आणि ठेवून दिले. दुरुस्तीचे पत्र लिहायचे ठरवले होते. पहिल्या वर्षी सात-आठ वेळा लिहिले. नंतर मी खरोखरच प्रुफे पाहू लागलो, मग बातम्या लिहू लागलो आणि दुरुस्ती करण्याजोगे काही उरले नाही, असे म्हणता येण्यासारखे झाले.

आता ऑफिसात माझ्याकडे वाचकांच्या तक्रारींचा रकाना आहे. स्टीमर दोन दिवस उशिरा सुटली, तिकीट असून डब्यात घेतले नाही, पार्सल कराचीला गेले. पत्रे लांब असतात. मी ती दहा ओळींत बसवतो. कंपनी, ठिकाण, किती दिवस आणि काय उत्तर मिळाले, एवढे ठेवतो. कोणाच्या लग्नाला जायचे होते, कोणाचे शेवटचे दर्शन चुकले, हे जागेअभावी काढावे लागते. लिहिणाऱ्यांना ते आवडत नाही. बरेच जण परत पत्र लिहितात की खरी गोष्ट तीच होती.

गिरगावातल्या चाळीत माझी खोली आहे, तेथे माझे सर्व सामान आहे. घर कोठले असे कोणी विचारले तर मी अजून अमरावती सांगतो आणि सांगताना मला काही वाटत नाही. पूर्वी वाटत असे.

नाना गेल्यानंतर मी अमरावतीला गेलो. आता बडनेऱ्यापर्यंत रेल्वे आहे आणि सामान वेळेवर मिळते. आई थकली होती. ऐकू कमी येत होते. दुपारी शेजारच्या ठकूमावशी आपल्या नव्या सुनेला घेऊन बसायला आल्या. आईने तिला माझी ओळख करून दिली.

"हा माहा मोठा. कंपनीनं गाडी देल्ली नाही, त तरी ह्यानं वेळ चुकवली नाही. अमावास्येच्या आत मुंबईत हजर."

"एकटे गेल्ते?" सुनेने विचारले.

"एकटा," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून मोठ्याने, कारण तिला आपलाच आवाज ऐकू येत नसे, "कोनत्या दिवशी पोचला होता रे तू?"

पृथ्वीवर एवढ्या एकाच घरात मी वेळेवर पोहोचलेलो आहे. मी तिच्या कानाजवळ वाकलो आणि सांगितले, "चतुर्दशीला."