रांगेत माझ्या पुढे असलेला

माझ्यासारख्यानं लिहायला बसावं हे मलाच धाडसाचं वाटतं. मैंदर्गीजवळ आमची मेंढरं आहेत, आणि घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. परीक्षेत लिहितात तेवढंच लिहिणं मला माहीत. चुकलं तर समजून घ्यावं, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात एका थंडगार खोलीत काही मशीन एकमेकांना जोडून ठेवली आहेत. त्याला क्लस्टर म्हणतात. सगळ्यांची मोठी गणितं त्यावरच चालतात, म्हणून रांग असते. रांग माणूस लावत नाही, प्रोग्राम लावतो. त्याचा नियम मला पहिल्यापासून आवडला होता: ज्यानं अलीकडे कमी वापरलं, त्याला आधी. कुणाचा कोण, कुठल्या गावचा, काही विचारत नाही.

विहिरींचं पाणी उन्हाळ्यात कसं उतरतं, हा माझा प्रोजेक्ट. वेळेत दिला नाही तर वर्ष जाणार होतं. मी सगळी मशीन एकदम मागितली. ऑफिसात अर्ज करताना जरा जास्तच मागावं, कापून कापून थोडं तरी मिळतं, असं घरी ऐकत आलो होतो. प्रोग्राम कापत नाही. मागितलं तेवढं मोकळं होईपर्यंत थांबवून ठेवतो.

मशीन मोकळी होत आली की एक छोटंसं काम माझ्यापुढं येऊन बसायचं. प्रत्येक वेळी त्याच एका नावाचं. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला विचारलं, तर नाव वाचून तिनं खुर्चीच मागे घेतली.

"अरे, हा मागच्या बॅचचा. चिंचोळी एमआयडीसीला ट्रेनिंगला जाताना अ‍ॅक्सिडेंट झाला होता की. वारला म्हणतात."

"मग हे कोण टाकतंय?"

"मला नको विचारू बाबा. आणि माझ्या पीसीवरनं तर बघूच नको."

लॅबचे सर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "वर्षभर त्यानं काही वापरलं नाही. प्रोग्रामच्या हिशेबानं सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावरच झालाय."

"पण सर, ते वारलेत ना?"

"तसं आमच्याकडं कुणी कळवलेलं नाही."

"मग माझं काम लहान करून परत टाकू का?"

"काढलंस तर पुन्हा शेवटी जाशील. बघ बाबा."

त्याचं काम सुरू झालं की त्या बंद खोलीतला एखादा पंखा एकदम जोरात फिरू लागायचा. मी काचेतून बघायचो. आत कुणी नसायचं. तरी पाठमोरं कुणीतरी कामाला बसलंय असं वाटायचं, आणि मी हळूच काचेपासून लांब व्हायचो.

रांगेतल्या कामांची नावं सगळ्यांना दिसतात. एके दिवशी मी माझ्या कामाचं नाव बदललं: 'दादा, एकदा वाट द्या.' लिहिल्यावर वाटलं, अशा माणसाकडं कुणी अर्ज करतं का?

जेवून आलो तर त्याची सगळी कामं थांबलेली होती. कारणाच्या जागी लिहिलं होतं: ज्याचं काम, त्यानंच थांबवलं. आणि एका कामाचं नाव बदललेलं: 'जा म्होरं.'

तेवढ्यात माझं काम सुरू झालं, आणि काचेआडचे पंखे एकामागून एक जोरात फिरू लागले. मैत्रीण पुटपुटली, "हात जोड आणि गप बस."

माझं गणित शेवटच्या दिवसापर्यंत चाललं. प्रोजेक्ट वेळेत गेला, मी पास झालो. त्याची कामं मात्र तशीच थांबलेली राहिली.

सुट्टीनंतर सरांनी बोलावलं. वैरागहून त्याच्या भावाचा फोन आला होता, अकाउंट बंद करा म्हणून. तो जिवंत आहे. अपघातापासून अंथरुणावर आहे, बोलता येत नाही, एका हातानं लॅपटॉप चालवतो. विद्यापीठानं त्याला प्रोजेक्ट द्यायला एक शेवटची संधी दिली होती. त्याची तारीख माझ्या प्रोजेक्टचीच होती. त्याचा प्रोजेक्ट गेला नाही.