खुणेच्या वरची फळी

स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी गंजून घट्ट बसली होती, म्हणून आज सकाळी दुकानातून गंज काढायचा फवारा आणला. तो कडीवर मारला आणि त्या तेलकट, रॉकेलाच्या चुलतभावासारख्या वासाने माझी सगळी सकाळ विस्कटून टाकली. चहा उतू गेला. कडी सुटली की नाही ते पाहायचंही राहिलं. साताऱ्यात पावसाची झड लागली आहे, अजिंक्यतारा ढगांत गडप झाला आहे, आणि मी ओट्याला टेकून सांगलीतल्या माझ्या मावशीच्या घरातली एक भिंत आठवत उभी आहे. आमच्याकडे पडतो तो पाऊस आणि तिच्याकडे पोचतं ते पाणी. झड लागली की मला ती आठवतेच. आज वासाने जरा लवकर आठवण करून दिली इतकंच.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. कुंडलकडच्या ऊसवाल्या घरात जन्मली, फौजीला दिली आणि अर्धं आयुष्य छावण्यांमधल्या क्वार्टरांत काढलं. काका कुठल्यातरी सीमेवर आणि ही भाषा न कळणाऱ्या गावात एकटी. दाराची बिजागरी निखळली तर हाक कोणाला मारायची? "पयल्या वर्सी हाका मारल्या, दुसऱ्या वर्सी पक्कड घेतली," असं ती स्वतःच हसत सांगायची. मग प्रत्येक बदलीच्या गावातून एकेक हत्यार घरात येत गेलं. बाकीच्या फौजी बायका चादरी आणायच्या, कपबश्या आणायच्या. हिने पठाणकोटहून हातोडी आणली, जबलपूरहून कानस, आणखी कुठून करवत. सुट्टीत गावी आल्यावर तिच्या ट्रंकेतून पाने आणि छिन्न्या निघाल्या, तेव्हा नात्यातल्या बायकांनी नाकं मुरडली होती. संसार मांडलाय का लोहाराची भट्टी, असं कोणीतरी म्हणालंही होतं. मावशीने मनावर घेतलं नाही. त्याच बाईच्या घरातल्या पाळण्याचा आकडा पुढे तिनेच बसवून दिला.

हत्यार निवडणं हा तिच्या लेखी मुलगी पाहण्याइतका गंभीर कार्यक्रम होता. दुकानदार कितीही घाई करो, ही काउंटरवरून हलायची नाही. हातोडी दांड्याच्या शेवटाला धरून हवेत दोनदा मारून बघायची. ओढ दंडाला जाणवली पाहिजे, मनगटाला जाणवली तर ती हातोडी परत. पक्कड मिटून उजेडाकडे धरायची आणि जबड्यातून उजेडाची रेघ दिसली की खाली ठेवायची. "तोंड मिटून घेता येत न्हाई आसली पक्कड घरात काय कामाची?" असं म्हणून ती माझ्याकडे पाहायची, कारण लहानपणी माझं तोंडही मिटत नसे. लाकडाचा दांडा ती नखाने टोकरून बघे, वासही घेई. तिच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे भर दुपारी उभं राहून पाय दुखवून घेणं. तरी मला ते फार आवडायचं.

काका निवृत्त झाल्यावर दोघं सांगलीत नदीकडच्या एका गल्लीत राहायला आले, आणि तिथे मावशीच्या हत्यारांना खरे दिवस आले. ड्रिल मशीन आलं, पाठोपाठ ग्राइंडर. पदर कमरेला घट्ट खोचून, बांगड्या कोपरापर्यंत वर सारून, काकांचा मोटारसायकलचा जुना गॉगल डोळ्यांवर चढवून ती भिंतीला भोक पाडायला उभी राहिली की गल्लीतली पोरंटोरं खिडकीत जमायची. आधी खिळ्याने ठोकून बारीक खळगा करायची, म्हणजे ड्रिलचं टोक घसरत नाही. मग अंगाचा भार हळूहळू टाकायची. तिचा एक नियम होता. हत्यार उसनं द्यायचं नाही. कोणी पाना मागायला आलं की म्हणायची, "पाना एकटा कुटं जात न्हाई. थांब, मी बी येते." आणि चपला घालून पान्याबरोबर निघायची. तिथे काम व्हायचं, चहा व्हायचा, त्या घरातल्या सासूसुनांची भांडणं कानावर पडायची, येताना वाटीभर काहीतरी हातात असायचं. काका गेले त्यानंतरची वर्षं तर तिने याच हाकांवर काढली. दाराशी कोणी "मावशी, हायसा का घरात?" म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा. त्या हाका होत्या म्हणून ती मुलाकडे पुण्याला गेली नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

हत्यारांची काळजी ती देवाच्या भांड्यांसारखी घ्यायची. काम झालं की पुसणं, शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवणं, ज्याची त्याची जागा. खंडेनवमीला ती सगळी पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची आणि त्या दिवशी काहीही झालं तरी एकालाही हात लावायचा नाही. "वरीसभर राबत्यात, आज त्यास्नी सुट्टी." आणि त्यांची रोजची जागा होती भिंतीवरच्या एका फळीवर. नदीकाठच्या त्या घरांत भिंतीवर जुन्या महापुराची खूण असते, गेरूने ओढलेली आडवी रेघ. पाणी इथवर आलं होतं, असं पाहुण्यांना दाखवायला ती जपतात आणि रंग देतानाही तेवढी पट्टी सोडतात. मावशीची फळी त्या रेघेच्या हातभर वर होती. सगळी गल्ली असंच करायची. धान्याचे डबे, कागदपत्रं, देव, सगळं रेघेच्या वर. आयर्विन पुलापाशी पातळी किती झाली हे कानावर आलं की लोक आधी त्या रेघेकडे पाहायचे आणि मग निवांत व्हायचे. नदीने एकदा जे केलं, त्याच्या पुढे ती जाणार नाही अशी सगळ्यांची समजूत होती.

आणि एका वर्षी श्रावणात ती पुढे गेली. कोयनेतून पाणी सुटलं, आमच्याकडे पाऊस थांबेना, आणि सांगलीत होडी दारात यायची वेळ आली. मावशीने निघण्याआधी ड्रिल, ग्राइंडर, पाने, सगळं तेल लावून गोणपाटात गुंडाळलं, वरून प्लास्टिक घातलं, सुतळीने करकचून बांधलं आणि फळीवर ठेवलं. माझ्याकडे साताऱ्याला आली तेव्हा अंगावरच्या साडीची शुद्ध नव्हती, पण हत्यारांची तिला चिंता नव्हती. "रेगंच्या वर हायती," एवढंच म्हणाली. पाणी रेघ ओलांडून फळीच्याही वर गेलं. आणि तिने इतकं घट्ट बांधलं होतं की पूर ओसरल्यावरही त्या प्लास्टिकच्या आत नदी तशीच राहिली. आम्ही परत जाऊन गाठोडं उघडलं तेव्हा आतून तांबूस, चिखलाचं पाणी घळाघळा बाहेर आलं. मावशी पदराने ड्रिल पुसत राहिली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

मग तिने गंज काढायला घेतला. घरात बसायला जागा नव्हती, भिंतींना ओल होती, आणि ही अंगणात रॉकेलच्या पातेल्यात पाने बुडवून बसलेली. काचकागदाने घासून तिची बोटं सोलवटली. पक्कड उघडमीट करू लागली, हातोडीला नवा दांडा बसला, छिन्न्या वाचल्या. दोन्ही मशिनं मात्र गेली ती गेलीच. त्या खंडेनवमीला तिने त्यांनाही पाटावर मांडलं, फुलं वाहिली. शेजारीण म्हणाली, "आवं मावशी, बंद पडल्यालं कशाला मांडलंय?" मावशी म्हणाली, "ती काय माज्यावर रुसून गेली न्हाईत गं. पुरानं न्हेली." पुण्याच्या मुलाने नवं ड्रिल घेऊन द्यायची तयारी दाखवली. ती नको म्हणाली. गल्लीतली निम्मी घरं तोवर विश्रामबागेकडे उंचावर निघून गेली होती. उरलेली मंडळी मोबाइलवरून माणूस बोलावू लागली, आणि तो आपली हत्यारं आपल्या बॅगेत घेऊन यायचा. हाक मारणारं फारसं कोणी राहिलंच नाही.

पुढचा पावसाळा तोंडावर आला तेव्हा तिने एक काम काढलं. शेजाऱ्याला टेबल धरायला उभं करून, स्वतः वर चढून, छिन्नी-हातोडीने भिंतीत भोकं पाडली आणि फळी थेट छताखाली नेऊन बसवली. वाचलेली सगळी हत्यारं पत्र्याच्या पेटीत घालून तिथे ठेवली. आता नदी आली तर छतापर्यंत येऊ दे, म्हणाली. त्या हत्यारांनी तिने केलेलं ते शेवटचं काम. नंतर गुडघे गेले. टेबलच काय, पाटावर चढणंही तिला जमेना.

परवा झड लागायच्या आधी मी सांगलीला जाऊन आले. न्हाणीघरातला नळ गळत होता आणि खाली पितळी पातेलं ठेवलं होतं. साधा वायसर बदलायचं काम, तिच्या हातचं चुटकीसरशी होणारं. मी म्हटलं, "मावशी, मी चढते, पेटी काढते. तू सांग, मी पाना फिरवते." तिने मान हलवली. म्हणाली, "काढशील. नळ बी व्हईल. परत वर बी ठिवशील. आन उंद्या दुसरं काय गळाया लागलं तर? तू तर साताऱ्याला." मग पेटी खालीच ठेवू, मी म्हटलं. तिने खिडकीतून नदीच्या बाजूला पाहिलं. "पावसाळा हाय बाई. ऱ्हाऊ दे वरच." प्लंबरला बोलवते म्हटल्यावर ती उठून आत गेली, आणि मी तो विषय पुन्हा काढला नाही.

एस.टी.त बसल्यावर मी बरंच काही योजलं. कराड येईपर्यंत त्यातलं काहीच टिकलं नाही. हत्यारं साताऱ्याला आणली तर ती तिच्यापासून तुटतील, खाली ठेवली तर तिला झोप लागणार नाही, आणि वर आहेत तोवर ती तिची असून नसल्यासारखी. पुराने जी नेली त्यांचं रडून झालं. जी वाचली त्यांचं काय करायचं हे मात्र कोणी कोणाला शिकवत नाही. ती अजून तिथेच आहेत, कोरडी, तेल लावलेली, तिचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. आणि त्यांच्याखाली, सगळ्या गल्लीची दारं-खिडक्या नीट करून दिलेली माझी मावशी भरलेलं पातेलं तुळशीत ओतते आणि पुन्हा नळाखाली नेऊन ठेवते.