नवसागराची बाटली

विट्यापासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या एका हायस्कुलात अर्जुना प्रयोगशाळेचा शिपाई होता. पोरं त्याला मामा म्हणत. माणूस सातवी नापास, पण रसायनांच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालायची हेडमास्तरांचीही छाती नव्हती. बावीस वर्षं त्यानं कोईमतूरला गलाईच्या दुकानात काढली होती; जुनं सोनं आटवायचं, तेजाबात टाकून शुद्ध करायचं, हेच काम. धुरानं छाती धरली तेव्हा गावाकडं आला आणि ओळखीपाळखीनं शाळेत चिकटला. बाटल्यांवरची इंग्रजी लेबलं त्याला वाचता येईनात, म्हणून त्यानं सरळ आपल्या चिठ्ठ्या डकवल्या. नवसागर, शोरा, टाकणखार, मोरचूद. संयोगिता मॅडम अमोनियम क्लोराईड मागायच्या, मामा नवसागर द्यायचा, आणि दोघांचंही भागायचं.

गलाईवाल्याची एक खोड मात्र जन्मात जात नाही. तो काही म्हणता काही फेकत नाही. दुकानातला केर, हात धुतलेलं पाणी, दारातलं पायपुसणं, सगळं जपायचं, कारण सगळ्यात सोन्याचा कण असतो. पायपुसणं जाळून त्याची राख आटवणारी माणसं ही, त्यांना काय सांगणार? मामा आल्यापासून प्रयोगशाळेचं सामान वर्षभर पुरतंय कसं, याचं हेडमास्तरांना मोठं नवल वाटायचं. तीन वर्षांत कुणी विचारलं नाही आणि मामानंही आपणहून सांगितलं नाही.

आता स्वप्नालीचं ऐका. नववीतली पोरगी, मेंढपाळाच्या घरातली. आजा बिराप्पा आठ-आठ महिने मेंढरं घेऊन फिरतो. मेंढरांची लस थंड ठेवावी लागते आणि माळावर बर्फ कुठला? पोरीनं डोकं चालवलं. शंभर मिली पाण्यात तीस ग्रॅम नवसागर टाकला की पाणी आपोआप गार पडतं. डब्यात डबा ठेवायचा, बाहेरच्या डब्यात हे पाणी, आतल्यात लस. डिसेंबरात तिनं करून बघितलं तेव्हा पारा अठ्ठावीसवरून थेट बारावर आला होता. मॅडम खूश झाल्या आणि कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विज्ञान प्रदर्शनाला तिचं नाव गेलं.

फेब्रुवारीत मॅडमसमोर तालीम घेतली आणि पारा विसावर येऊन बसला. पुन्हा केलं, वीस. तिसऱ्यांदा केलं, एकवीस.

मॅडमनी डिसेंबरची वही उघडली, बाराचा आकडा बघितला आणि मग पोरीकडं बघितलं.

"स्वप्नाली, खरं सांग. हा आकडा पुस्तकातून उतरवलास का?"

पोरीनं मान हलवून नाही म्हटलं. मॅडमनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. बारा नाही आले तर नाव काढून घ्यायचं, खोटा आकडा घेऊन शाळेचं हसं करून घ्यायचं नाही.

अर्जुनाचं डोकं चक्रावलं. डिसेंबरात बारा आले तेव्हा तो स्वतः शेजारी उभा होता, त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. मग आता काय झालं? त्यानं थर्मामीटर बर्फात घालून बघितला, शून्य बरोबर दाखवत होता. पाणी बोअरचं, त्यात क्षार लय, म्हणून हेडमास्तरांच्या केबिनमधलं फिल्टरचं आणलं. तरी वीस. पंखा बंद केला, काचेचं भांडं बदलून स्टीलचं घेतलं, तराजू पुसून वजनं पुन्हा लावली. तरी वीसच. नवसागर मेला असेल का, असंही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि मग स्वतःलाच शिवी हासडली, नवसागर काय म्हातारा होतो? स्वप्नाली तर प्रत्येक वेळी आपलाच हात न्याहाळायची, जणू बोटांनीच काहीतरी दगा दिला होता.

"मामा, माझंच कायतर चुकतंय."

"चुकत न्हाई गं. मी बघतोय की."

"मग काय हुतंय?"

बावीस वर्षं नवसागर हाताळलेल्या माणसाला हे उमगू नये, याचीच त्याला लाज वाटत होती.

गुरुवारी दुपारी शाळा सुटल्यावर त्याला दुकानातली जुनी रीत आठवली. व्यापाऱ्यानं भेसळीचा माल दिलाय अशी शंका आली की चिमूटभर तापल्या लोखंडावर टाकायचा. अस्सल नवसागर पांढरा धूर होऊन निघून जातो, मागं काही राहत नाही. त्यानं दार-खिडक्या उघडल्या, उलथनं दिव्यावर तापवलं आणि बाटलीतली चिमूट टाकली. थोडा धूर निघाला. मग तडतड आवाज झाला आणि पांढरं तसंच पडून राहिलं. गार झाल्यावर त्यानं जिभेला लावलं.

मीठ होतं. खायचं मीठ.

ते कुठून आलं, हे त्याला लगेच कळलं. प्रयोग झाल्यावर पोरांनी उरलेलं पाणी टाकून द्यायचं, तर हा गडी ते एका घमेल्यात गोळा करायचा, गच्चीवर उन्हात वाळवायचा आणि खाली उरलेले पांढरे खडे पुन्हा नवसागराच्या बाटलीत भरायचा. फेकायचं कशाला? मोरचुदाचं निळं पाणी तेवढं वेगळं ठेवायचा, पांढरं सगळं एकत्र. जानेवारीत आठवीनं मिठाच्या पाण्याचे प्रयोग केले होते, ते सगळं ह्या बाटलीत आलं होतं. डिसेंबरात नवीन पाकीट फोडलं होतं म्हणून बारा आले होते.

सांगावं का? गलाई केलेल्या माणसानं मीठ आणि नवसागर एक केलं, हे ऐकून पोरं हसतील, हेडमास्तर उद्याच प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतील. शेवटी मूग गिळले. सकाळी विट्याला जाऊन कल्हईवाल्याकडनं चोख नवसागर आणला, बाटली धुऊन भरली आणि तोंड मिटून उभा राहिला.

शुक्रवारी पारा बारावर आला. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "बघ, लक्ष देऊन केलं की येतं." अर्जुनाला वाटलं, सुटलो.

पण मॅडम गेल्यावर स्वप्नाली वही मिटून म्हणाली, "मामा, मी न्हाई जात कराडला."

"आता का गं? आलं की बारा."

"काल बी मी असंच केलतं. कायसुदीक बदल न्हाई. मग काल इस आन आज बारा कसं? तितं कुनी इचारलं तर काय सांगू? आन आजानं माझ्या डब्यावर इसवास ठेवून लस न्हेली, आन त्या दिवशी इसच आलं तर?"

अर्जुनाला पोरीकडं बघवेना. हिला स्वतःच्या हाताचा भरवसा राहिला नव्हता, आणि तो त्यानंच घालवला होता.

"तुझं काय चुकलं न्हाई पोरी. बाटलीत मीठ हुतं. मीच भरलं हुतं."

मग त्यानं सगळं सांगितलं, घमेलं, गच्ची, कल्हईवाला. तिला घेऊन तो तसाच स्टाफरूममध्ये गेला आणि मॅडमसमोर पुन्हा सगळं सांगितलं. मग मॅडम स्वप्नालीला म्हणाल्या, "माझं चुकलं बाळ. मी तुला खोटं ठरवायला नको होतं. तुझं नाव राहील. आणि वीस का आले, तेही वहीत लिही." मामाच्या किल्लीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

दोघं बाहेर व्हरांड्यात आले. पोरीच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. चालता चालता ती थांबली.

"मामा, हे कवापास्नं करताय तुमी?"

"आलो तवापास्नं."

"म्हंजी गेल्या वर्षी बी. आमच्या थोरल्या सोनमदीचा दहावीत नवसागराचा आकडा कवाच जुळला न्हाई. मॅडमनी चारदा परत करायला लावलं, मग तिनं पुस्तकातला लिवला. ती अजून म्हनती, सायन्स माझ्या डोक्यात शिरत न्हाई. आर्ट्सला गेली ती."

अर्जुनाला सोनम आठवली. खिडकीजवळच्या टेबलावर बसायची, दर वेळी पाणी बदलून पुन्हा पहिल्यापासून करायची. बाटली त्यानंच काढून दिली होती, आणि चौथ्यांदा आकडा चुकला तेव्हा, पोरी जरा नीट ढवळत जा, असं तोच तिला म्हणाला होता.